सरखेलांची तसबीर : मळवलीचा धडा आणि आजचा धंदा

मावळात मळवली नावाचे छोटे रेल्वे स्टेशन आहे. लोहगडला पायी जाणारे बहुतेक लोक इथेच उतरतात. या गावाची दुसरी ओळख मात्र आपल्या फ्रेमवाल्या, छपाईवाल्या आणि तसबिरी विकणाऱ्या बंधूंपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. घराघरांत लागलेल्या राजा रविवर्मांच्या रंगीत तसबिरी वर्षानुवर्षे याच मळवलीत छापल्या जात होत्या.

आज आरमारप्रमुख कान्होजी आंग्रे यांच्या तसबिरीला मावळात गिऱ्हाईक मिळू शकते, असे आम्हाला वाटते. पण या मालात हात घालण्याआधी मळवलीच्या छापखान्याचा हिशोब समजून घेतला पाहिजे.

छापखाना का विकला गेला?

रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला. १८९९ मध्ये तो मळवलीला हलला. चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट खडूने चित्र काढायचे, शिळा पाण्याने ओली करायची आणि मग शाई फिरवायची. शाई फक्त तेलकट रेषेला धरते. प्रत्येक रंगाची शिळा वेगळी, आणि सगळे रंग एकमेकांवर नेमके बसले पाहिजेत. काम खर्चाचे आणि कसबाचे होते. चित्रे लोकप्रिय झाली, तरी कारखाना कर्जात बुडाला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला. तसबिरींबरोबर त्यांनी लेबले, कॅलेंडरे आणि जाहिरातींचीही छपाई घेतली. कारखाना पुढे कित्येक वर्षे चालला आणि १९७२ च्या आगीत संपला. नुसत्या चांगल्या चित्रावर यंत्र चालत नाही, त्याला रोजचे कामही लागते, हा यातला धडा.

कान्होजी आणि मावळ

कान्होजी समुद्रावरचे, मग त्यांची तसबीर मावळात कशाला, असे कोणी विचारील. १७१३ मध्ये कान्होजींनी शाहू छत्रपतींचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना कैद केले आणि लोहगड घेतला. पुढे बाळाजी विश्वनाथांशी तह होऊन ते शाहूंच्या पक्षात आले आणि सरखेलपद, म्हणजे आरमाराचे मुख्यपद, त्यांच्याकडे कायम राहिले. १७२९ मध्ये त्यांचे निधन झाले. मुंबईतील नौदलाच्या तळाला 'आंग्रे' हे नाव आहे. लोणावळ्यातच १९४५ पासून 'शिवाजी' ही नौदलाची अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्था आहे. जुलै २०२५ मध्ये लोहगड, खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग यांसह बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. पाहुण्याला हा संबंध दोन ओळींत सांगता आला, तर तसबीर विकणे सोपे जाते.

याच आरमाराच्या आधीच्या पिढीत दौलतखान होते. १६७९ मध्ये खांदेरीच्या लढाईत शिवाजी महाराजांच्या गलबतांचे नेतृत्व करून ते इंग्रजांशी लढले. कान्होजींच्या जोडीला त्यांचेही चित्र काढून घेण्यासारखे आहे. मात्र खाली 'कल्पनाचित्र' असे स्पष्ट छापावे.

माणूस जुना, चित्र नवे

इथेच पुष्कळांची फसगत होते. कान्होजींना जाऊन तीनशे वर्षे होत आली, म्हणून त्यांचे कोणतेही चित्र फुकट छापता येते असे नाही. आपल्या कायद्यात चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. रविवर्मा १९०६ मध्ये वारले, त्यामुळे त्यांची चित्रे आता मोकळी आहेत. एखाद्या हयात चित्रकाराने काढलेले कान्होजी मात्र मोकळे नाहीत. पैसे देऊन चित्र काढून घेतले आणि वेगळा करार नसेल, तर साधारणपणे पहिला हक्क काढवून घेणाऱ्याचा असतो. तरीही किती प्रती, कोणत्या आकारात आणि चित्रकाराला काय, हे कागदावर लिहून दोघांनी सह्या करणे बरे.

माल ओळखा, खरे सांगा

भिंग हाताशी ठेवा. ऑफसेटच्या छपाईत ठिपक्यांची एकसारखी जाळी दिसते. जुन्या शिळाछापात हाताने दिलेले वेडेवाकडे ठिपके आणि दाणा दिसतो. संगणकाच्या छपाईत शाईचे बारीक फवारे दिसतात. तिन्ही विकायला हरकत नाही. पण आजच्या छपाईला जुना रंग देऊन 'मळवलीची असल तसबीर' म्हणून विकणे ही फसवणूक आहे. असे एक गिऱ्हाईक दुखावले तर तो दहा जणांना सांगतो.

फ्रेमवाल्यांसाठी शेवटचे. लोणावळ्याचा पाऊस आणि दमट हवा कागदाचे शत्रू आहेत. काच चित्राला टेकू देऊ नका. मधे जाड माउंट घालून फट ठेवा. माउंट आणि पाठचा पुठ्ठा आम्लरहित घ्या, नाहीतर कागद पिवळा पडतो. पाठीमागच्या सांधी कागदी पट्टीने बंद करा. थेट उन्हाच्या भिंतीवर तसबीर लावू नये, हे गिऱ्हाइकाला आपणहून सांगा. सुरुवातीला थोड्याच प्रती काढा, खप पाहा, आणि दुकानाचे रोजचे काम सोडू नका.