शाबासकी स्वस्त, टीका महाग

गिरगावात ठाकुरद्वारच्या परिसरात फणसवाडी आहे. फणसवाडी, खटाववाडी, केळेवाडी अशा वाड्यांतील चाळींनी मराठी लेखकांच्या निदान तीन पिढ्या पाहिल्या. दिवसा कचेरीत खर्डेघाशी करणारा किंवा शाळेत शिकवणारा तरुण रात्री घरातली माणसे निजल्यावर गॅलरीतील दिव्याखाली बसून कथा लिही आणि रविवारी सकाळी ती चार मित्रांना वाचून दाखवी. आज ते मित्र पांगले आहेत. कोणी डोंबिवलीस गेला, कोणी विरारला. कोणी मुलाकडे न्यू जर्सीत वर्षातले सहा महिने काढतो. लिहिणे थांबलेले नाही. संबंधही तुटलेला नाही, कारण दूरध्वनी प्रत्येकाच्या खिशात आहे. मोडली आहे ती एक सवय: मित्राचे लेखन छापून येण्यापूर्वी नीट ऐकून घ्यावे आणि त्यातील उणे त्याला तोंडावर सांगावे, ही. या सवयीचे मोल काय होते आणि पांगलेल्या परिस्थितीत ती पुन्हा लावून घेता येईल काय, याचा विचार लिहित्या माणसांनीच करावयास हवा.

बाजारात न मिळणारी वस्तू

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर प्रामाणिक टीका ही मोठी विलक्षण वस्तू आहे. तिला उत्पादनखर्च आहे. वीस पानांची कथा दोनदा वाचावयाची, तिचा तोल कोठे जातो हे शोधावयाचे आणि ते लेखकास समजेल अशा शब्दांत मांडावयाचे, तर टीकाकाराची एक संपूर्ण संध्याकाळ खर्ची पडते. त्यात मैत्रीत वितुष्ट येण्याचा धोका निराळाच. उलट लाभ सगळा लेखकाचा. या सेवेचे शुल्क कोणी देत नाही. आणि देऊ केलेच, तर पैसे घेऊन सांगितलेला दोष आणि पैसे घेऊन केलेली स्तुती यांतील फरक पुसट होऊ लागतो. म्हणून ही वस्तू विक्रीला येत नाही, तिची देवघेवच होऊ शकते. आज मी तुझे वाचीन, पुढल्या रविवारी तू माझे वाच, असा तो व्यवहार आहे.

देवघेव चालावयाची तर समोरचा माणूस पुढल्या रविवारी भेटेलच, असा भरवसा लागतो. चाळीने हा भरवसा न मागता दिला होता. ज्याच्या कवितेतील उसनी प्रतिमा काल रात्री दाखवून दिली, तोच सकाळी नळावर बादली घेऊन उभा असे. अबोला फार दिवस धरता येत नसे आणि पळून जाण्यास जागा नसे. मिठी मारण्याइतकीच भांडण्याचीही सोय असलेले हे शेजार होते. जागेची टंचाई हा मुंबईचा शाप खरा. तथापि टीकेचा खर्च त्या टंचाईनेच कमी केला, हे विसरता येत नाही.

खटाववाडीचा उंबरठा

मराठीत अशा मंडळांची परंपरा जुनी आहे. पुण्यात १९२३ मध्ये स्थापन झालेले रविकिरण मंडळ हे रविवारच्या चहाच्या बैठकींतून उभे राहिले. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे ही मंडळी एकमेकांच्या कविता ऐकत, त्यांवर बोलत आणि मग त्या एकत्र छापत. मुंबईत पुढे 'मुर्गी क्लब' नावाने ओळखली गेलेली मित्रमंडळी जमली. विंदा करंदीकर, मंगेश पाडगावकर, वसंत बापट, सदानंद रेगे, गंगाधर गाडगीळ आणि श्री. पु. भागवत ही त्यांतली नावे. महिन्यातून एकदा एकत्र जेवावे, शब्दांच्या कोट्या कराव्यात, वाङ्मयावर वाद घालावा, असा तो परिपाठ कित्येक वर्षे चालला. गाडगीळ हे पेशाने अर्थशास्त्राचे प्राध्यापक. दिवसा मागणी-पुरवठा शिकवणाऱ्या या माणसाने मराठी नवकथेला जे वळण दिले, त्यामागे अशा बरोबरीच्या मित्रांची सोबत होती, ही गोष्ट योगायोगाची म्हणता येणार नाही.

फणसवाडीहून खटाववाडी पायी चालण्याच्या अंतरावर आहे. 'मौज' आणि 'सत्यकथा' यांचे कार्यालय अनेक दशके तेथे होते. मुंबई मराठी साहित्य संघ १९३५ मध्ये स्थापन झाला, त्याची वास्तूही गिरगावातच. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन या संपादकांची ख्याती जितकी छापलेल्या मजकुराबद्दल होती, तितकीच न छापता परत पाठवलेल्या मजकुराबद्दलही होती. एखाद्या खेड्यातल्या अनोळखी शिक्षकाची कथा आली, तर तिच्यातला कोणता प्रसंग उपरा वाटतो, शेवट कोठे ओढूनताणून आणला आहे, हे सांगणारे पत्र त्याला जाई. तो पुन्हा लिही, पुन्हा पाठवी. एका अर्थी खटाववाडीचे ते कार्यालय म्हणजे महाराष्ट्रभर पसरलेल्या लेखकांचे टीकामंडळच होते. फरक इतकाच, की सभासद एकमेकांस दिसत नसत.

१९८२ मध्ये 'सत्यकथा' बंद झाली. त्याच वर्षी जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि मध्य मुंबईचे जीवनच पालटू लागले. या दोन घटनांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध जोडण्याचे कारण नाही. तरी त्या वर्षानंतरच्या मुंबईत मराठी लेखकाला घराजवळ काम आणि कामाजवळ मित्र हे दोन्ही मिळणे उत्तरोत्तर अवघड होत गेले, ही वस्तुस्थिती आहे.

दाराबाहेर राहिलेले

या जुन्या मंडळांचे केवळ गोडवे गाणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. शेजार जितका जवळचा, तितका तो एकसारखा असतो. गिरगावच्या पांढरपेशा वाड्यांतील बैठकीत कोण बसणार, हे जात, शिक्षण आणि ओळख यांनी बहुधा आधीच ठरलेले असे. एकमेकांची अभिरुची घासूनपुसून घेता घेता तिचा साचा बनतो आणि साच्यात न बसणारे लेखन सदोष वाटू लागते. १९६९ मध्ये राजा ढाले आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी 'सत्यकथे'ची होळी केली, त्यामागील संताप या साच्याविरुद्धचा होता. त्यापूर्वीच पन्नाशीच्या दशकात अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ यांनी 'शब्द' हे चक्रमुद्रित अनियतकालिक काढले होते. अशोक शहाणे यांचे 'असो' १९६३ चे.

ज्यांना एका उंबरठ्याच्या आत जागा नव्हती, त्यांनी आपापले अड्डे निर्माण केले. १९५८ मध्ये दादरला पहिले दलित साहित्य संमेलन भरले. त्याचे उद्घाटन अण्णा भाऊ साठे यांनी केले. नारायण सुर्वे गिरणगावात वाढले आणि 'ऐसा गा मी ब्रह्म' हा त्यांचा संग्रह १९६२ मध्ये आला. पुढल्याच वर्षी बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. या लेखकांना शब्दाचे मोल कळणारे श्रोते हवेच होते, आणि ते त्यांना परळ-लालबागच्या आणि दादरच्या वस्त्यांत मिळाले. चांगल्या मंडळाला नियमित भेटीबरोबरच उघडे दारही लागते, हा धडा या इतिहासातून मिळतो.

स्त्रियांच्या बाबतीत तर हे दार बहुतेक वेळा ओढलेलेच असे. बैठकीची वेळ संध्याकाळची आणि संध्याकाळ ही स्वयंपाकाची. रविकिरण मंडळातील मनोरमाबाईंसारखी उदाहरणे म्हणूनच उठून दिसतात. बाहेर वाचन चालू असताना आत चहा करणाऱ्या किती जणींच्या वह्या ट्रंकेतच राहिल्या, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

धारवाडहून येणारे पत्र

मग पांगलेल्या लेखकाने करावे काय? विरारहून चर्चगेटपर्यंतचा लोहमार्ग सुमारे ६० किलोमीटरांचा. दोन तासांच्या बैठकीसाठी जाऊन-येऊन तीन तासांचा प्रवास करावयाचा, तोही आठवड्यातल्या एकुलत्या सुटीच्या दिवशी, हे हिशेबात बसत नाही. भुयारी मेट्रोचे गिरगाव स्थानक २०२५ मध्ये सुरू झाले खरे; पण ज्यांनी तेथे उतरावयाचे, त्यांतील पुष्कळांची बिऱ्हाडे तोवर गिरगावातून उठून गेली होती.

अंतर हा अपरिहार्य अडथळा नाही, याचा सर्वांत मोठा दाखला जी. ए. कुलकर्णी यांचा आहे. जी.एं.नी आयुष्याचा मोठा भाग धारवाडला काढला, तेथील महाविद्यालयात इंग्रजी शिकवले. सभा-संमेलनांपासून ते दूर राहत आणि माणसांना भेटणे शक्यतो टाळीत. तरीही मुंबई-पुण्यातील लेखक, संपादक व वाचक यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार इतका विपुल होता, की त्यांच्या निवडक पत्रांचेच चार खंड झाले. सुनीता देशपांडे यांच्याशी झालेला त्यांचा पत्रसंवाद मराठीत सर्वपरिचित आहे. पुस्तकांविषयी, माणसांविषयी, लेखनातील अडचणींविषयी इतक्या मोकळेपणाने बोलणारी ही मैत्री मुख्यतः टपालावर पोसली गेली.

टपालाला एक गुण होता. पत्र यावयास तीन-चार दिवस लागत आणि उत्तर लिहावयास बसणारा माणूस पूर्ण वाचूनच लेखणी उचली. विलंब सक्तीचा असल्याने विचार आपोआप होई. आजच्या साधनाने हा विलंब नाहीसा केला. रात्री दहा वाजता पाठवलेल्या कथेला दहा वाजून दोन मिनिटांनी 'वा, अप्रतिम' असा अभिप्राय येतो आणि त्यामागोमाग जोडलेले हात येतात. कथा बारा पानांची आहे, हे ध्यानात घेतले तर त्या अभिप्रायाची किंमत लेखकालाही ठाऊक असते. ज्यांना कथा आवडलेली नाही, ते गप्प राहतात. शाबासकीला काही खर्च येत नाही, म्हणून ती अमाप मिळते. टीकेला खर्च येतो, म्हणून ती नाहीशी होते. खोटे नाणे चलनात आले की खरे नाणे पेटीत जाते, हा नियम येथेही लागू पडतो.

शिस्त कोणती?

हे साधन टाकून द्यावे, असे याचे तात्पर्य नाही. गडचिरोलीतील शिक्षिका, बेळगावातील कारकून आणि न्यू जर्सीतील निवृत्त अभियंता एका रात्री एकत्र बसून एकमेकांचे लेखन ऐकू शकतात, ही सोय गिरगावच्या कोणत्याही वाडीला कधी देता आली नव्हती. घर आवरून झाल्यावर रात्री साडेनऊला आपली कथा वाचणारी गृहिणी या मंडळात प्रथमच बरोबरीने बसते. चाळीने दिलेला भरवसा तेवढा या सोयीत नाही. तो नियमांनी निर्माण करावा लागेल.

नियम फार नकोत. सभासद सात-आठच असावेत. पन्नास माणसांच्या मंडळात कोणीच जबाबदार नसतो. लेखन आठवडाभर आधी सर्वांना पोचावे आणि त्यावर लेखी ताबडतोब काहीही कळवू नये. ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी सर्वांनी बोलावे. लेखकाने तोपर्यंत गप्प बसून ऐकावे आणि खुलासा शेवटी करावा. प्रत्येकाने निदान एक जागा अशी दाखवावी, की जेथे तो वाचता वाचता अडखळला. दुसऱ्याचे सलग तीनदा न वाचणाऱ्याने आपले वाचण्याचा हक्क गमवावा. आणि सर्व सभासद एकाच गावचे, एकाच जातीचे, एकाच पेशाचे नसतील, याची काळजी पहिल्याच दिवशी घ्यावी.

वर्षातून एकदोनदा प्रत्यक्ष भेट घडली तर उत्तमच. त्यासाठी जागा लागते आणि मुंबईत जागेइतकी महाग वस्तू दुसरी नाही. शहरातील ग्रंथालये, साहित्यसंस्था आणि महाविद्यालये यांच्याकडे रविवारी सकाळी कुलूपबंद राहणाऱ्या खोल्या आहेत. त्यांतील एकेक खोली महिन्यातून दोन तास अशा मंडळांना मिळाली, तर संस्थेला पंख्याच्या विजेपलीकडे फारसा खर्च पडणार नाही. पारितोषिके आणि सत्कार यांवर होणारा खर्च लेखन पूर्ण झाल्यानंतरचा असतो. या खोलीचा उपयोग लेखन घडत असताना होईल.

फणसवाडीच्या आसपास जुन्या चाळींच्या जागी उंच इमारती उठत आहेत आणि त्यांत सामाईक गॅलरी नाही. गॅलरी परत येणार नाही, यावी असेही पुष्कळांना वाटत नाही. तेथल्या गैरसोयी ज्यांनी भोगल्या, त्यांना ते विचारून पाहावे. पण डोंबिवलीच्या दोन खोल्यांत रात्री कथा संपवून बसलेल्या कारकुनाला आजही तेच हवे आहे, जे त्याच्या वडिलांना गॅलरीत मिळत होते. कोणी तरी ती कथा शेवटपर्यंत वाचावी आणि सातव्या पानावर ती कोठे फसली, हे त्याला सांगावे.