विश्लेषण : जुन्या ‘पद्मिनी’चे रेक्झिन बदलायचे की वाचवायचे?

मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी ‘प्रीमियर पद्मिनी’ टॅक्सी ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस निवृत्त झाली. मात्र खासगी फियाट आणि पद्मिनी आजही अनेकांनी जपून ठेवल्या आहेत. पत्रा ठोकून रंगवता येतो, इंजिनाचे भाग जुन्या बाजारात शोधता येतात. घोडे अडते ते आतल्या रेक्झिनपाशी. सीट फाटलेली, दरवाजाचे पॅड फुगलेले, सन व्हायझर कडक झालेले. अशा वेळी सगळे उचकटून नवे बसवणे हा सोपा मार्ग वाटतो. पण तो नेहमीच योग्य असतो का?

मूळ रेक्झिनचे महत्त्व काय?

कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ तयार होऊ लागली आणि १९७४ मध्ये तिला ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. म्हणजे सुरुवातीच्या गाड्यांनी पन्नाशी ओलांडली आहे. केंद्र सरकारच्या जुलै २०२१ मधील नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या दुचाकी व चारचाकींना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी मिळू शकते. नियमाचा भर चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरबदल नसण्यावर आहे; रेक्झिन बदलले म्हणून गाडी बाद होत नाही. मात्र जाणकार खरेदीदार दरवाजा उघडताच आधी आतला भाग पाहतात. मूळ रेक्झिनचा पोत आणि रंगाची छटा बाजारातल्या आजच्या रेक्झिनशी क्वचितच जुळते. एकदा फेकले की ते परत मिळत नाही.

रेक्झिन कडक का होते?

ज्याला आपण सरसकट रेक्झिन म्हणतो ते बहुतेकदा कापडावर चढवलेला पीव्हीसी, म्हणजेच व्हायनिलचा थर असतो. पीव्हीसी मुळात कडक. पाण्याचे पाइप त्याचेच असतात. त्याला मऊ करण्यासाठी ‘प्लास्टिसायझर’ नावाचे तेलकट द्रव्य मिसळतात. हे द्रव्य पीव्हीसीच्या साखळ्यांशी रासायनिक बंधाने जोडलेले नसते, त्यांच्या मधल्या जागेत सामावलेले असते. त्यामुळे ते वर्षानुवर्षे हळूहळू बाहेर पडते. उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंश सेल्सिअसच्याही वर तापू शकतो आणि ही गळती वेगाने होते. काचेवर आतून जमणाऱ्या चिकट धुरकट थरात हे द्रव्यही असते. अतिनील किरणांनी पीव्हीसीचे रेणू तुटतात, रंग पिवळट पडतो. शेवटी आकसलेले, कडक रेक्झिन घडीवर किंवा शिलाईपाशी फाटते.

पॉलिश लावून ते पुन्हा मऊ होते का?

नाही. गेलेले प्लास्टिसायझर वरून काही चोळून आत भरता येत नाही. सिलिकॉनयुक्त पॉलिशने चकाकी येते, पण त्याचा अंश राहिला तर पुढे रंग धरत नाही, ठिपक्यांसारखे खड्डे पडतात. थिनर, पेट्रोल किंवा रॉकेलने पुसणे त्याहून घातक. हे द्रावक डागासोबत उरलेले प्लास्टिसायझरही ओढून घेतात. त्या दिवशी रेक्झिन स्वच्छ दिसते, पण नंतर ते आणखी कडक होते.

दुरुस्तीचा क्रम कोणता?

सुरुवात स्वच्छतेने. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश. पाणी शिलाईतून आत मुरू द्यायचे नाही. अनेकदा ‘रंग गेला’ असे वाटते तो निव्वळ मळ असतो.

चीर पडली असेल तर आधी आतून आधार द्यावा लागतो. चिरेतून कापडाचा तुकडा आत सरकवून लवचिक गोंदाने चिकटवतात, मग वरून व्हायनिल फिलरचे पातळ थर देतात. शेजारच्या धड भागावर पुट्टीचा साचा घेऊन तो फिलरवर दाबला की मूळ पोत उमटतो. शेवटी व्हायनिलसाठीचा रंग, एका जाड हाताऐवजी तीन-चार पातळ हातांत. आधी न दिसणाऱ्या जागी छटा तपासणे आवश्यक.

मात्र हा उपाय डॅशबोर्ड, दरवाजाचे पॅड यांसारख्या स्थिर भागांवरच टिकतो. सीटचे रेक्झिन प्रत्येक बसण्या-उठण्याला वाकते. तिथला फिलर लवकर सुटतो. सीटसाठी फाटलेली पट्टीच उसवून बदलणे बरे. सीटखाली दुमडलेले किंवा पाठीमागे झाकलेले मूळ रेक्झिन त्यासाठी कामी येते. अनुभवी कुशनवाले जुनी पट्टी टाकत नाहीत. तिच्यावरूनच नवी बेततात आणि शक्यतो जुन्या भोकांतून टाका घालतात. जुन्या शिलाईजवळ नवी भोके पाडली तर रेक्झिन तिकिटासारखे फाटते.

दरवाजाचे पॅड का फुगतात?

दोष रेक्झिनचा नसतो, मागच्या हार्डबोर्डचा असतो. काचेच्या फटीतून पावसाचे पाणी दरवाजात उतरते. ते बोर्डपर्यंत पोहोचू नये म्हणून मध्ये प्लास्टिकचा कागद लावलेला असतो. मेकॅनिकने काच उतरवताना तो फाडला आणि परत लावला नाही, की दोन पावसाळ्यांत पॅड वाकडे होते. अशा वेळी रेक्झिन हेअर ड्रायरने किंचित गरम करून सावकाश सोडवावे, जुन्या बोर्डवरून नवा कापावा आणि तेच रेक्झिन त्यावर चढवावे. प्लास्टिकचा कागद विसरला तर केलेली मेहनत पुढच्या पावसाळ्यात वाया जाते.

मग बदलायचे कधी?

बोटाने दाबताच रेक्झिन पापडासारखे तुटत असेल, किंवा पुसल्यावरही पृष्ठभाग सतत चिकट राहत असेल, तर ते वाचवण्यापलीकडे गेले आहे. तेव्हाही सगळे भाग एकदम काढू नयेत. आधी छायाचित्रे आणि मापे घ्यावीत, जुने तुकडे नमुना म्हणून जपावेत. जे वाचले आहे त्यासाठी सावलीतले पार्किंग, कापडी कव्हर आणि पाण्यावर आधारित अतिनील-रोधक द्रव्य पुरेसे आहे. म्हातारपण थांबत नाही, पण त्याचा वेग निश्चित कमी होतो.