आधी आलेख, मग सूत्र

दहावीत वर्गसमीकरणाचं सूत्र पाठ होतं आणि प्रत्येक समीकरणाला असंच एखादं सूत्र असणार, हा समज मनात पक्का बसतो. पण पाचव्या घाताच्या कोणत्याही समीकरणाला लागू पडेल असं घातमुळांचं सूत्र असूच शकत नाही, हे नील्स आबेलने १८२४ मध्ये सिद्ध केलं. तिथे उत्तराच्या जवळ जवळ सरकत जावं लागतं. हे सरकणं डोळ्यांना दिसतं ते आलेखावर, म्हणून वर्गात आलेख आधी यायला हवा.

न्यूटनचंच उदाहरण घ्या: क्ष³ − २क्ष − ५ = ०. क्ष २ असताना डाव्या बाजूची किंमत −१ येते, ३ असताना १६. वक्र अखंड आहे, म्हणजे मधे कुठेतरी तो अक्ष ओलांडणारच. मधला २.५ घेतला तर किंमत ५.६२५, धन; तेव्हा मूळ २ आणि २.५ च्या दरम्यान. असं दहा वेळा निम्मं केलं की शोधाची जागा हजारांशाहून लहान होते. पद्धत संथ, पण हमखास.

न्यूटनने १६६९ मध्ये दुसरी वाट धरली. २ च्या जागी २ + प घालायचं, प चे वर्ग आणि घन सोडून द्यायचे; उरतं १०प = १, म्हणून नवा अंदाज २.१. त्याच्या मांडणीत आलेख नव्हता, निव्वळ बीजगणित होतं. आलेखावर मात्र हीच कृती एका रेघेत दिसते: २ पाशी वक्राला स्पर्शिका काढा, तिचा चढ १०, ती अक्षाला २.१ वर छेदते. तिथून पुन्हा स्पर्शिका काढली की २.०९४६, चार दशांश स्थळांपर्यंत अचूक!

आपल्याकडे बहुतेकदा फळ्यावर थेट सूत्र येतं आणि मुलं कॅल्क्युलेटरवर तक्ते भरत बसतात. आकडे बरोबर येतात, पण पद्धत फसते तेव्हा का फसली ते तक्ता सांगत नाही. −५ च्या जागी +२ लिहा आणि ० पासून सुरुवात करा. तक्त्यात ०, १, ०, १ असंच येत राहतं. आलेख काढला की कारण लगेच कळतं: ० पाशी वक्र उतरता आहे, तिथली स्पर्शिका १ वर जाते, १ पाशी तो चढता, तिथली स्पर्शिका पुन्हा ० वर आणून सोडते. या दोहोंच्या मधला खळगा अक्षापर्यंत पोचतच नाही. वक्र अक्षाला छेदतो तो पार डावीकडे. तिकडे −२ पासून निघालं की पुढचा अंदाज −१.८, त्यानंतरचा −१.७७.