एकच माती, दोन विजेते

मोटारसायकलची शर्यत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे गुळगुळीत डांबरी रस्ता येतो. मी सांगणार आहे ती शर्यत डांबराला शिवतसुद्धा नाही. चिखल, उंचवटे आणि आखूड वळणे हीच तिची वाट. तिला मोटोक्रॉस म्हणतात. १९२४ साली इंग्लंडात कॅम्बर्लीजवळ तिचा आरंभ झाला असे मानतात. अमेरिकेतील हौशी खेळाडूंची राष्ट्रीय स्पर्धा १९८२ पासून टेनेसी राज्यात हरिकेन मिल्स येथे, गायिका लोरेटा लिन यांच्या नावाच्या रँचवर भरते. विभागीय शर्यतींतून गाळून आलेले ४२ जण एकेका गटात उतरतात.

गट पाडतात ते इंजिनाच्या आकारावर, वयावर आणि कसबावर. कसबाचे वर्ग अ, ब, क. नवशिका क मध्ये. सारखा जिंकणारा वरच्या वर्गात ढकलला जातो. तरीही खालच्या वर्गात बक्षिसे लुटत बसणारे महाभाग निघतातच!

सुरुवातीला चाकांपुढे लोखंडी फाटक असते. ते स्वाराच्याच बाजूला पडते. त्यामुळे जो अधीरपणे आधी रेटा देतो, त्याचेच फाटक चाकाखाली दाबून अडकते आणि बाकीचे निघून जातात. पंचाने शिट्टी फुंकायलाही नको. असा न्याय मला फार आवडतो.

पगाराच्या हिशेबावरून भांडण्यात माझे आयुष्य गेले, म्हणून गुणमोजणीपाशी थोडा थांबतो. समजा, तीन फेऱ्या झाल्या. एक स्वार पहिला, पहिला आणि नववा आला. दुसरा तिन्ही वेळा तिसरा आला. जागतिक स्पर्धेच्या पद्धतीने पहिल्याला २५, तिसऱ्याला २० आणि नवव्याला १२ गुण मिळतात; म्हणजे पहिल्या स्वाराचे ६२, दुसऱ्याचे ६०. पहिला जिंकला. पण हौशांच्या या राष्ट्रीय स्पर्धेत नुसत्या क्रमांकांची बेरीज करतात आणि जिची बेरीज कमी तो श्रेष्ठ. आता पहिल्याचे ११, दुसऱ्याचे ९. दुसरा जिंकला! माती तीच, धाव तीच. एक नियम झेपेला मान देतो, दुसरा सातत्याला. बेरीज सारखी आली तर शेवटच्या फेरीत जो पुढे, तो वरचा. तक्रार असेल तर ती लेखी, मुदतीत आणि फी भरूनच करावी लागते. आरडाओरडा धरत नाहीत.

निशाणांचे मात्र हसण्यावारी नेता येत नाही. उंचवट्यापलीकडे पडलेला माणूस मागून उडी घेणाऱ्याला दिसतच नाही. त्याला दिसते ते कडेला उभ्या असलेल्या माणसाच्या हातातले पिवळे निशाण. ते हलत असताना अपघाताची जागा ओलांडेपर्यंत कोणाला मागे टाकायचे नाही. पांढऱ्यावर तांबडा क्रॉस दिसला, तर वैद्यकीय मदतनीस वाटेवर उतरले आहेत. तेव्हा उडीही मारायची नाही, चाके जमिनीवरच ठेवायची. मोडणाऱ्याचे क्रमांक कापले जाऊ शकतात, आणि बेरजेच्या पद्धतीत तो घाटा दिवसअखेरपर्यंत अंगावर राहतो.