खड्ड्याचा काठ, रिम आणि गॅसची शेगडी

नेहमीप्रमाणे या भागाचा लेखी मजकूर देतोय. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘अ‍ॅक्च्युअली’ बरेचसे काढलेत, सगळे काही निघाले नाहीत.

या वेळी विषय श्रोत्यानेच दिलाय. मेसेज थोडक्यात असा: “दादा, खड्ड्यात आपटून पुढचं अलॉय एका जागी आत दबलंय. दोन दिवसांत हवा कमी होते. गॅरेजवाला म्हणतो, गॅसवर गरम करून ठोकून सरळ करतो, पाचशेत काम. शोरूमवाले म्हणतात चाकच बदला. माझं डिलिव्हरीचं काम आहे, गाडी उभी ठेवली तर पगार नाही. कुणाचं ऐकू?”

आधी उत्तर देऊन टाकतो. गॅसवर गरम करून ठोकायचं नाही. चाक बदलायलाच हवं असंही नाही, पण आधी एक गोष्ट बघावी लागेल. ती कोणती, हे कळायला खड्ड्यात नक्की काय होतं ते समजून घेऊ.

आपण म्हणतो ‘गाडी खड्ड्यात पडली’. पण रिम पडल्यामुळे वाकत नाही, पलीकडचा काठ लागल्यामुळे वाकते. चाक खाली उतरतं, पुढे सरकतं, आणि समोर डांबराची किंवा पेव्हर ब्लॉकची उभी कड येते. त्या कडेवर टायर दाबला जातो. टायरमधली हवा पुरली तर ठीक. नाही पुरली, तर टायरचं रबर रिमची कड आणि रस्त्याची कड यांच्या मधे चेचलं जातं, आणि पुढचा फटका थेट धातूला बसतो. ट्यूबवाल्या गाडीत अशा वेळी ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं सापडतात. पंक्चरवाल्याने ‘दोन पंक्चर आहेत’ म्हटलं आणि खिळा मिळाला नाही, तर रिमची कडही तपासून घ्या.

आता आपल्याकडचा लाडका सिद्धांत: ‘जोरात काढली की खड्डा लागत नाही.’ यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच तो धोकादायक आहे. ढोबळ गणित करू. ताशी ६० म्हणजे सेकंदाला साधारण १६.७ मीटर. ३० सेंटिमीटर लांबीचा खड्डा ओलांडायला लागतात ०.०१८ सेकंद. एवढ्यात शॉकअपची स्प्रिंग चाकाला खाली ढकलून ढकलून किती ढकलणार? एक सेंटिमीटरही नाही. त्यामुळे छोटा खड्डा खरंच जाणवत नाही, आणि आपल्याला वाटतं आपण जिंकलो. पण खड्डा एक मीटरचा असेल तर ०.०६ सेकंद मिळतात. तेवढ्यात चाक तीन-चार सेंटिमीटर सहज खाली जातं आणि मग ताशी ६० ने काठावर आदळतं. तोच खड्डा ३० ने घेतला तर चाक कदाचित जास्त खोल जाईल, पण वेग निम्मा झाला की ऊर्जा चौथाई होते. आणि रात्री, पाण्याने भरलेला खड्डा ३० सेंटिमीटरचा आहे की एक मीटरचा, हे कुणाला दिसतं?

चाकाच्या आकारानेही फरक पडतो. तोच ३० सेंटिमीटरचा खड्डा अगदी हळू घेतला, तर १०० / ८०-१७ टायरचं चाक साधारण ४ सेंटिमीटर आत उतरतं, आणि १० इंची स्कूटरचं चाक ६ सेंटिमीटर. लहान चाक जास्त बुडतं आणि काठ त्याला जास्त उभा लागतो. स्कूटरवर पाठ दुखते म्हणणारे काका उगाच कुरकुरत नसतात.

हवेबद्दल एवढंच सांगतो, की आकडा चेन कव्हरजवळच्या किंवा मागच्या बाजूच्या स्टिकरवर असतो आणि तो थंड टायरसाठी असतो. ‘पावसात ग्रिप येते’ म्हणून हवा कमी ठेवणारे बरेच आहेत. खड्ड्यांच्या शहरात हा सौदा महाग पडतो, कारण काठ आणि रिम यांच्यामधे हवेशिवाय दुसरं काही नाही. मागे माणूस किंवा सामान असेल तर मागच्या चाकात जास्त हवा लागते, तो आकडाही त्याच स्टिकरवर असतो.

ब्रेकचं मात्र नीट समजून घ्या. खड्डा दिसला की आपण पुढचा ब्रेक दाबतो आणि दाबूनच ठेवतो. ब्रेक लावला की वजन पुढे येतं, पुढचे शॉकअप आधीच खाली बसतात. म्हणजे फटका झेलायला जी जागा होती ती आपणच वापरून टाकली, आणि पुढच्या टायरवर भारही वाढवला. म्हणून खड्ड्याच्या आधी जमेल तेवढा वेग उतरवा आणि काठ यायच्या आत ब्रेक सोडा. हँडल सरळ, पायांवर थोडं वजन, बूड सीटवरून जरासं उचललेलं. दोन-चार दिवस सवय करावी लागते.

आता धातूकडे येऊ. स्पोकचं चाक ताणलेल्या तारांवर उभं असतं. फटका बसला की ते थोडं लवतं, ‘आउट’ होतं, आणि चांगला कारागीर तारा कमी-जास्त आवळून त्याची आउट काढतो. पेनने एकेक तार वाजवून बघा. ताणलेली तार टणकन वाजते, सैल झालेली बद्द. अलॉय मात्र सहसा ओतीव अ‍ॅल्युमिनियमचं असतं. ओतीव अ‍ॅल्युमिनियम थोडं वाकतं आणि मग तडकतं. त्याची ताकद नुसत्या धातूची नसते, कारखान्यात दिलेल्या उष्णतेच्या प्रक्रियेची असते: आधी खूप तापवून पाण्यात विझवायचं, मग दीडशे-पावणेदोनशे अंशांच्या आसपास काही तास ठेवायचं. गॅसची ज्योत लावली की त्या जागची ही सगळी मेहनत पुसली जाते. शिवाय लोखंड तापून लाल होतं, तसं अ‍ॅल्युमिनियम होत नाही. रंग बदलायच्या आत ते वितळायला लागतं. म्हणजे ठोकणाऱ्याला आपण किती तापवलंय हे डोळ्यांनी कळतच नाही. चाक दिसायला सरळ होतं आणि नेमकं त्याच जागी मऊ होतं. तेही पुढचं चाक.

तर बघायची ती गोष्ट म्हणजे तडा. गाडी डबल स्टँडवर घ्या, चाक धुवा, दबलेल्या जागी साबणाचं पाणी लावा. फेस टायर आणि रिम यांच्या फटीतून येत असेल तर बहुधा नुसती कड वाकली आहे. फेस धातूच्या अंगातून येत असेल तर तडा आहे, विषय संपला. टायर उतरवून आतली बाजू आणि आऱ्यांची मुळंही बघायला सांगा. मग फोर्कला एक झिप टाय बांधा, तिचं टोक रिमच्या कडेजवळ आणा आणि चाक फिरवा. बऱ्याच सर्व्हिस मॅन्युअलमध्ये डावी-उजवी आणि वर-खाली दोन्हीकडे २ मिलिमीटरची मर्यादा दिलेली असते. रिम स्थिर आणि टायरच हेलकावे खातोय, किंवा टायरच्या अंगाला गाठ आलीय, तर आतले धागे तुटलेत. तो टायर गेला.

तडा नसेल आणि दबलेला भाग कडेपुरता असेल, तर अलॉय प्रेसवर बसवून, डायल गेज लावून सरळ करणारे लोक मोठ्या शहरांत आहेत. पाचशेत होणार नाही, पण नव्या चाकापेक्षा स्वस्त पडतं. तडा असेल तर वेल्डिंग करू नका, चाक बदला. पंक्चरवाला तिसरा पर्याय देईल, ‘ट्यूब टाकून देतो’. हवा टिकेल, पण तडा असेल तर तो तसाच राहील, फक्त तो सांगणारी गळती बंद होईल.

विम्याचं बघितलं. कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत अपघाताचं नुकसान येतं, झीज येत नाही, आणि टायर-ट्यूबचे पैसे निम्मेच धरतात. क्लेम केला की नो क्लेम बोनस जातो. शिवाय आपल्या या मित्राने लक्षात ठेवायची गोष्ट: खासगी दुचाकीच्या नेहमीच्या पॉलिसीत भाड्याने वापर आणि मालवाहतूक वगळलेली असते. डिलिव्हरी करताना आपटलं तर कंपनी क्लेम नाकारू शकते, तेव्हा आपली पॉलिसी आधी वाचा. आणि रस्ता ज्यांचा त्यांच्याकडून? मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास ६ लाख आणि जखमी झाल्यास ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. त्यात वाकलेल्या चाकाला जागा नाही.

तर दादा, आज साबणाचं पाणी लाव आणि फेस कुठून येतो त्याचा फोटो पाठव. तोपर्यंत रोज सकाळी निघण्याआधी हवा मोज. धातूतून फेस आला, तर त्या चाकावर एकही ऑर्डर घेऊ नकोस.