कातड्याचा रंग आणि त्याची कसोटी

नव्या वहाणा घालून मनुष्य पहिल्या पावसात सापडला, की घरी पोहोचेपर्यंत तळवे तांबूस झालेले असतात आणि धोतराच्या काठावर डाग उमटलेला असतो. दोष पावसाला दिला जातो. वास्तविक तो पुष्कळदा कातडे रंगविताना राहून गेलेला असतो.

बेलूरची औद्योगिक वसाहत ज्या धारवाड जिल्ह्यात आहे, तो जिल्हा कोल्हापुरी चपलेच्या प्रदेशात मोडतो. 2019 मध्ये जाहीर झालेल्या भौगोलिक मानांकनात कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर यांच्यासोबत बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे जिल्हेही आहेत. या वहाणांचे कातडे परंपरेने बाभळीची साल व हिरडा यांच्या पाण्यात कमावतात. त्यांतील तुरट द्रव्य कातड्याच्या तंतूंना धरून राहते व त्यास सडू देत नाही. पिंगट छटाही त्याचीच. वर हिराकस लावल्यास तेच द्रव्य लोहाशी संयोग पावून काळे होते. जुनी शाई याच संयोगातून होत असे.

कृत्रिम रंगांची गोष्ट निराळी. त्यांतील आम्लरंगांवर पाण्यात ऋण विद्युत्‌भार असतो. क्रोमने कमावलेल्या कातड्यावर धनभार असल्याने ते तेथे घट्ट बसतात. सालीने कमावलेल्या कातड्याशी त्यांचे तितके सख्य नसते. म्हणून एकच रंग एका कातड्यावर पक्का, तर दुसऱ्यावर कच्चा ठरू शकतो. फॉर्मिक आम्लाने रंग बसवून उरलेला धुऊन काढावा लागतो. घाईत ही धुलाई अपुरी राहिली, की सुटा रंग गिऱ्हाइकाच्या पायाला लागतो आणि नाव मात्र कारागिराचे जाते.

प्रयोगशाळेतील कसोटी साधीच आहे. पांढऱ्या लोकरी नमद्याचा तुकडा ठराविक भाराखाली कातड्यावर ठराविक वेळा घासतात; एकदा कोरडा, एकदा पाण्याने आणि एकदा कृत्रिम घामाने भिजवून. नमद्यावर उतरलेला डाग करड्या छटांच्या पट्टीशी ताडून 1 ते 5 असा दर्जा देतात. 5 म्हणजे डागच नाही. उन्हातील टिकाऊपणासाठी निळ्या लोकरीच्या आठ नमुन्यांशी तुलना करतात.

पक्का रंग निर्धोक असतोच, असे मात्र नव्हे. काही ॲझो रंगांपासून कर्करोगास कारण होणारी अमाइन द्रव्ये सुटतात. भारताने अशा रंगांवर 1997 मध्ये बंदी घातली. युरोपीय संघात त्वचेला लागणाऱ्या चामड्यात अशा अमाइनांची मर्यादा किलोमागे 30 मिलिग्रॅम आहे. ही तपासणी निराळी असून ती घरी होणे नाही. घासण्याची परीक्षा मात्र दुकानातही करता येते: ओलसर पांढरा रुमाल पट्ट्याच्या आतील बाजूस दहा वेळा घासून पाहावा, आणि तो पैसे देण्यापूर्वी पाहावा.