अन्नातील विषबाधा : उरलेले अन्न टाकू नका

लग्नकार्य, भंडारा किंवा सप्ताह असला म्हणजे खेडेगावात शेकडो माणसे एका पंगतीस बसतात. अशा जेवणानंतर उलट्या व जुलाब सुरू झाले की यजमान घाबरून जातो आणि उरलेले अन्न उकिरड्यावर टाकून भांडी घासून घेतो. त्याचा हेतू वाईट नसतो; परंतु विषबाधा कशाने झाली हे सांगणारा मुख्य पुरावाच त्यामुळे नाहीसा होतो. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट गावकऱ्यांना आधीच समजावून सांगणे अगत्याचे आहे.

विषबाधेची कारणे

विषबाधेची कारणे मुख्यतः तीन : रोगजंतू, बुरशी आणि रासायनिक विषे. आचाऱ्याच्या हातावर पिकलेले गळू असल्यास त्यातील जंतू बासुंदीसारख्या पदार्थात उतरतात. पदार्थ तासन् तास उघड्यावर राहिला की ते वाढतात व विष निर्माण करतात. पुन्हा उकळल्याने जंतू मरतात, पण हे विष नष्ट होत नाही. अशा वेळी बहुधा एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. साल्मोनेला जातीच्या जंतूंमुळे मात्र साधारण सहा तास ते तीन दिवसांनी ताप व जुलाब होतात. काही कीटकनाशके पोटात गेल्यास थोड्याच वेळात लाळ गळते, घाम सुटतो व डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात. जेवण किती वाजता झाले आणि पहिली उलटी किती वाजता झाली, ही नोंद म्हणूनच महत्त्वाची आहे. नमुन्यात प्रथम काय शोधावयाचे, हे प्रयोगशाळेस तीवरून ठरविता येते.

प्रयोगशाळेतील तपासणी

साल्मोनेला शोधण्यासाठी सामान्यतः २५ ग्रॅम अन्न पोषक द्रवात मिसळून उबदार पेटीत ठेवतात. जंतू वाढले की त्यांची जात ओळखतात. यास काही दिवस लागतात. गळवातील जंतूंच्या बाबतीत एका ग्रॅममध्ये ते किती आहेत हे मोजतात, आणि अन्न पुन्हा तापविलेले असल्यास त्यांच्या विषाचीही स्वतंत्र परीक्षा करतात. कीटकनाशके व बुरशीची विषे विद्रावकाच्या साहाय्याने अन्नातून वेगळी काढून रासायनिक पृथक्करणाने ओळखली जातात.

दोन उदाहरणे

१६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यातील गंडामन गावी शाळेतील माध्यान्ह भोजनानंतर २३ मुले दगावली. न्यायसहायक प्रयोगशाळेत तेलाचे भांडे व शिल्लक अन्न तपासले असता त्यांत मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. शेतातील औषध स्वयंपाकघराजवळ आले तर काय घडते, हे यावरून प्रत्येक शेतकऱ्याने जाणावे.

दुसरे उदाहरण १९७४ सालचे. गुजरात व राजस्थान यांच्या सीमेवरील आदिवासी खेड्यांत पोट फुगणे व कावीळ असा आजार पसरला. ३९७ रुग्णांपैकी १०६ मरण पावले. गावातील कुत्रीही तशीच आजारी पडली. घरोघरचा मका तपासला तेव्हा त्यात बुरशीचे अफ्लाटॉक्सिन नावाचे विष मोठ्या प्रमाणात सापडले. अवकाळी पावसाने मका भिजला होता व तोच साठवून खाल्ला गेला होता. दख्खनच्या पठारावरही १९९५ साली पावसात भिजलेल्या ज्वारीतील व मक्यातील बुरशीच्या विषाने कित्येक गावांत पोटदुखी व जुलाब झाले. कणसे नीट वाळविणे व बुरशी लागलेले धान्य खाण्यास न वापरणे, हा बोध या तपासण्यांतूनच मिळाला.

कार्यकर्त्याने काय करावे

१. प्रथम रुग्णांना प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचवावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांकास कळवावे.

२. उरलेले अन्न झाकून थंड जागी, कुलपात ठेवावे. ते जनावरांनाही घालू नये. भांडी घासू देऊ नयेत.

३. नमुने अधिकाऱ्यांनीच घ्यावेत हे उत्तम. त्यांना विलंब होणार असेल तर पाण्यात उकळून निववलेल्या बरण्यांत, उकळलेल्या चमच्याने, प्रत्येक पदार्थ सुमारे पाव किलो स्वतंत्र भरावा.

४. बरण्यांभोवती बर्फ ठेवावा, पण अन्न गोठवू नये. जंतुपरीक्षेच्या नमुन्यात फॉर्मालिन किंवा अन्य औषध घालू नये. त्याने जंतू मरतात व परीक्षा व्यर्थ जाते.

५. तेल, पीठ, मीठ, मसाला व पिण्याचे पाणी यांचेही नमुने राखावेत. प्रत्येक बरणीवर पदार्थ, ठिकाण, दिनांक व वेळ लिहावी.

६. जेवणाऱ्या सर्वांची, आजारी न पडलेल्यांचीही, यादी करावी. कोणी काय खाल्ले व केव्हा आजारी पडला हे लिहावे.

या यादीचा उपयोग पाहा. समजा, बासुंदी खाणाऱ्या ६० जणांपैकी ४२ आजारी पडले आणि न खाणाऱ्या ४० पैकी केवळ दोघेच. मग संशय प्रथम बासुंदीवर जातो व प्रयोगशाळेचा वेळ वाचतो. एखाद्या नमुन्यात काही न सापडले तरी अन्न निर्दोष होते असे लगेच समजू नये. दोष कढईच्या एखाद्याच भागात असू शकतो. यादी व परीक्षा दोन्ही जुळल्या म्हणजे निष्कर्ष पक्का होतो.

नमुना देणे म्हणजे गुन्हा कबूल करणे, असा गैरसमज गावोगाव आहे. वस्तुतः पुष्कळदा नमुन्यामुळेच निरपराध आचाऱ्यावरील आळ दूर होतो आणि दोष तेलात, पाण्यात की धान्यात होता हे उघड होते. तेच तेल वा तेच धान्य दुसऱ्या घरीही शिजणार असते. ते वेळीच अडविता यावे, यासाठी झाकून ठेवलेले ते पातेले जपले पाहिजे.